सात नंबरच्या वडीचं वजन

तीर्थस्वरूप ताईंना त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे तुम्ही माझ्या पाठीमागे ज्याला ‘तराजू’ म्हणता त्याचा, वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना तो वाजतो असं तुमच्या सुनेनं फोनवर सांगितलं होतं. डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर हे पत्र तुम्ही स्वतः वाचाल. झालं नसेल तर सूनबाई वाचून दाखवतील, तेव्हा त्यांना विनंती की कंसातला मजकूर मोठ्यानं वाचू नये. माझी प्रकृती उत्तम आहे. वजन त्रेसष्ट किलो दोनशे ग्रॅम (कपड्यांसह, चपला काढून). गेले आठ महिने आपलं बोलणं नाही. ते का नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. त्या दिवशी निघताना दारात उभं राहून तुम्ही मला म्हणालात, की माझ्या बहिणीला जन्मभर तोललंत, आता बसा एकटे काटा घेऊन. तुम्ही बोललात त्यातलं निम्मं मला मान्य आहे. कुठलं निम्मं, ते अजून ठरवलेलं नाही.

आज लिहायला बसलो त्याला निमित्त अगदी साधं आहे. साबणाची वडी फळीवर सुकायला ठेवली की तिला घाम का फुटतो, एवढीच माझी शंका आहे. तुमच्या बहिणीला साबण करायला तुम्ही शिकवलंत, म्हणून तुम्हाला विचारतो. बाकी इकडे विशेष काही नाही. पण शंका नीट कळायची तर थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी, आणि ती सांगताना माझी थोडी फजिती होईल. त्यानं तुम्हाला बरं वाटणार असेल तर खुशाल वाटू द्या.

दोन साबणदाण्यांची गोष्ट तुम्ही तिच्याकडून ऐकली असेलच, पण माझी बाजूही ऐका. लग्नाच्या अकराव्या वर्षी कचेरीत नवा, बारीक काटा आला, तसलाच एक मी घरी विकत घेतला. मी वजनमापं तपासणारा माणूस, हात बसावा म्हणून घरातल्या वस्तू तोलू लागलो. त्यात न्हाणीघरातली वडी आली. रोज माझ्या आंघोळीआधी, नंतर, आणि तुमच्या बहिणीच्या आंघोळीनंतर. महिनाभराची सरासरी अशी निघाली, की माझ्या आंघोळीला सहा ग्रॅम साबण लागतो आणि तिच्या आंघोळीला नऊ. हे मी जेवताना सांगितलं. केवळ माहिती म्हणून. (आकड्यानं कुणाचा अपमान होत नाही अशी तेव्हा माझी समजूत होती.) पुढच्या आठवड्यात ती तुमच्याकडे आली, चार दिवस राहिली आणि परतली ती कॉस्टिक सोड्याचा डबा, रबरी हातमोजे आणि एक वही घेऊन. तेव्हापासून न्हाणीघरात दोन साबणदाण्या. एकीत माझी दुकानातली वडी, दुसरीत तिनं केलेली. एकोणीस वर्षं मी तिच्या वडीला आंघोळीसाठी बोट लावलं नाही आणि तिनंही कधी लावा म्हटलं नाही. (तोलण्यासाठी लावलं. नऊ ग्रॅम. एकोणीस वर्षं, नऊ.)

ती गेली त्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं होतं. कुणी हात धुतले, कुणी तोंड धुतलं, आणि सगळी पांगल्यावर मी न्हाणीघरात गेलो तर तिच्या साबणदाणीत नुसतं पांढरं पाणी. शेवटची वडी होती ती. मला कुणाचा राग आला असेल तर तो त्या पाहुण्यांचा, नि त्यात तुम्हीही होतात. पण खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. सकाळी अकराला, सगळी कामं उरकून तिची आंघोळ झाली, की बोळात एक वास यायचा. सुगंध नव्हे, नुसता साध्या साबणाचा वास. तो यायचा बंद झाला. सहा महिने मी तो विसरून जाईन म्हणून वाट पाहिली. मग तिची वही काढली.

ताई, तुमची बहीण शाळेत गणितात पहिली यायची असं तुम्ही म्हणता. मग ही वही कुणी लिहिली? त्यात तेलाचं माप ‘निळा कप, काठापासून बोटभर कमी’. सोड्याचं माप ‘नेहमीएवढा’. किती वेळ ढवळायचं, तर ‘हात सांगेल तोवर’. पानाच्या तळाशी दोनदा रेघ मारून, ‘माग दिसला की थांब’. कशाचा माग? कोण कुणाच्या मागावर आहे? मी चौतीस वर्षं दुकानदारांना असल्या मोघम मापांसाठी नोटिसा बजावल्या आहेत. तेव्हा मी निळा कप धुऊन परत ठेवला आणि सगळं ग्रॅममध्ये बसवलं. खोबरेल पाचशे, सूर्यफुलाचं चारशे, एरंडेल शंभर, सोडा दीडशे, पाणी तीनशे. चुकायला जागाच ठेवली नाही.

तरी चुकलं. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही, एवढं वहीत होतं आणि ते मी पाळलं. पण भांडं कुठलं हे नव्हतं. निवृत्तीच्या समारंभात मला एक लिटरचं ॲल्युमिनियमचं प्रमाणित माप भेट मिळालं होतं, वर माझं नाव कोरलेलं. पवित्र कामाला पवित्र भांडं, म्हणून ते घेतलं. सोडा पडताच खाली विस्तव नसताना पाणी उकळू लागलं, मग फसफसलं, मग काळं पडलं, आणि असा ठसका लागला की मी डोळे मिटून गच्चीवर पळालो. तासाभरानं आलो तर मापाची आतली बाजू खाल्ली गेली होती. ओतून तपासलं. त्यात आता एक लिटर आणि वर बावीस मिलिलिटर मावतं. म्हणजे ज्यानं जन्मभर खोटी मापं जप्त केली त्याच्या घरात आज एक खोटं माप आहे, आणि त्यावर त्याचंच नाव आहे. (मी स्वतःला नोटीस लिहायला घेतली होती. कागद संपला म्हणून राहिली.)

दुसऱ्या खेपेला स्टीलचं पातेलं घेतलं आणि घड्याळ लावून ढवळलं. दोन तास पाच मिनिटं. तेल तेलाच्या जागी, पाणी पाण्याच्या जागी, दोघं एकमेकांशी बोलायला तयार नाहीत. हात खांद्यापासून गळून पडायची वेळ आली, आणि हात काही सांगेना. ते सगळं चार दिवस झाकून ठेवलं, तर वर तेल नि खाली दगड. खालचे घड्याळजी (आमच्या जिन्याखाली ज्यांचं दुकान आहे, घड्याळं दुरुस्त करतात ते) वास आला म्हणून वर आले, पातेल्यात डोकावले आणि म्हणाले, “साहेब, बाईसाहेब हे करताना गुणगुणायच्या. तुम्ही गुणगुणता का?” मी म्हटलं, साबणाला कान नसतात. त्यांनी मान हलवली आणि खाली गेले.

तिसऱ्या खेपेला मी गुणगुणलो. (कंस वाचू नका, सूनबाई.) आणि वीस मिनिटांत पातेल्यातलं दाट झालं. पळी उचलून धार सोडली, तर धारेची रेघ बुडेना, वरच उमटून राहिली. तेव्हा लक्षात आलं, हाच तो माग. मला इतका आनंद झाला की कुणाला तरी दाखवावंसं वाटलं, आणि नेमकी दाराची कडी वाजली. गॅसवाला होता, त्याला शेजारचं घर हवं होतं. मी परत आलो तर पळी पातेल्याच्या काठावर आडवी ठेवलेली आणि दाट साबणावर एक वळण उमटलेलं. छोटं, गोल, शेवटी जरा वर उचललेलं, शिवताना शेवटचा टाका घ्यावा तसं. मी स्वतःशी म्हटलं, जाताना आपल्याच हातून झालं असेल. पण ते वळण डावीकडे गेलं होतं. मी उजव्या हातानं ढवळतो. डावरं कोण होतं ते तुम्हाला सांगायला नको.

मी ते तसंच साच्यात ओतलं, दुसऱ्या दिवशी कापलं. बारा वड्या झाल्या. ओतताना मोडून जायला हवं होतं ते वळण साच्यात पुन्हा वर आलं होतं आणि कापल्यावर सबंध एकाच वडीवर राहिलं. प्रत्येक वडीला नंबर दिला, बोळातल्या फळीवर मांडल्या आणि रोज तोलू लागलो, कारण वडी सुकताना वजन उतरतं आणि ते किती उतरतं हे कुणीतरी पाहायलाच हवं. अकरा वड्या रोज सुमारे अर्धा ग्रॅम उतरत होत्या. त्या वळणाची वडी सात नंबर. पहिले दोन दिवस तीही अर्धा ग्रॅम. तिसऱ्या दिवशी एकशे अठरावरून एकशे नऊ.

मी काटा पुसला. पुन्हा तोललं. एकशे नऊ.

उंदीर म्हणावं तर दातांच्या खुणा नाहीत. हवा म्हणावी तर तीच हवा शेजारच्या सहा नंबरला लागत होती. चौथ्या दिवशी शंभर, पाचव्या दिवशी एक्याण्णव. वडी झिजत होती तीसुद्धा एका बाजूनं, मधोमध खोलगट, कुणीतरी तळहातात धरून फिरवावी तशी. साबण तयार झाला की नाही हे पाहायला वडीला जिभेचं टोक लावतात असं वहीत होतं, म्हणून तेही केलं. अकरा वड्यांनी जिभेला चटका दिला. (दोन दिवस मी बोबडं बोलत होतो आणि भाजीवाली मला प्यायलेला समजली.) सात नंबर मात्र गार, गुळगुळीत, मुरलेली. जो साबण तयार व्हायला सहा आठवडे लागतात तो पाच दिवसांत तयार. तिला धीर कधीच नव्हता हे तुम्हीही मान्य कराल.

त्याच दिवशी घड्याळजींनी जिन्यात अडवून विचारलं, की साहेब, हल्ली सकाळी अकराला आंघोळ करता का? दुकानाच्या छतातून पाणी वाहिल्याचा आवाज येतो. मी म्हटलं, मी सातला करतो, अकराला तर मी भाजी आणायला बाहेर असतो. ते म्हणाले, “बरोब्बर अकराला. माझी सगळी घड्याळं मी त्यावर लावतो.” मी त्यांना म्हटलं की नळाचा वायसर गेला असेल, कारण तपासणाऱ्या माणसानं घाबरलेलं दिसू नये.

आता मी काय केलं ते ऐका आणि मग मला काय म्हणायचं ते म्हणा. मी सात नंबरला सील केलं. काचेच्या बरणीत ठेवली, झाकणावरून तार ओवली, तारेवर शिसं ठेवून पकडीनं दाबलं. (पक्कड कचेरीत परत करायची राहून गेली होती. कुणाला सांगू नका.) चौतीस वर्षांत माझं सील कुणी फोडल्याशिवाय उघडलेलं नाही. मग खुर्ची घेऊन बोळात बसलो, पुढ्यात बरणी, समोर न्हाणीघराचं उघडं दार. दहा चाळीस, दहा पन्नास. अकराला मी डोळ्याची पापणी लवू दिली नाही. काही झालं नाही. नळ कोरडा, फरशी कोरडी. अकरा वीसला मला जरा शहाण्यासारखं वाटू लागलं. तेवढ्यात बरणीकडे लक्ष गेलं. काचेला आतून वाफ धरली होती, न्हाणीघरातल्या आरशाला धरते तशी. आणि बोळात तो वास आला.

सील जसंच्या तसं होतं. मी ते स्वतःच्या हातानं कापलं आणि वडी तोलली. ब्याऐंशी. नऊ ग्रॅम, ताई. मी तिथंच फरशीवर बसलो. भीती वाटली का? वाटली. पण भीतीच्याही आधी मला लाज वाटली. जिवंतपणी तिच्या साबणावर मी काटा लावला, आणि आता ती कुठून कुठून येते तर मी कुलूप लावतो. म्हणून मी वडी उचलली आणि न्हाणीघरात तिच्या साबणदाणीत नेऊन ठेवली, म्हणजे तिला फळीपर्यंत यायला नको. काहीतरी बोलावं असं वाटत होतं. एवढी वर्षं जेवणाच्या ताटावर फक्त आकडे बोललेला माणूस मी, एकदम दुसरं काय बोलणार?

तेव्हापासून रोज अकराला मी भाजीची पिशवी घेऊन मुद्दाम बाहेर पडतो, तिला अडचण नको म्हणून. साडेअकराला परत येतो. फरशी ओली असते. वास असतो. वडी नऊ ग्रॅमनं कमी असते. (हो, अजून तोलतो. हात थांबत नाही.) आज सदतीस ग्रॅम उरली आहे. हिशेब तुम्हीही करू शकता. चार दिवस, आणि वर एक ग्रॅम. बाकीच्या अकरा वड्यांना ती हात लावत नाही, त्यांच्यावर ते वळण नाही. मी आणखी दोनदा साबण घातला, गुणगुणलो, डाव्या हातानं ढवळलं, दारावर कुणी आलेलं नसताना मुद्दाम पातेलं सोडून बाहेर जाऊन उभा राहिलो. परत येऊन पाहतो तर साबण सपाट. मला ती वडी संपायला नको आहे, ताई. एवढंच आहे सगळं.

तर शंका अशी, की वडीला घाम का फुटतो? सवडीनं कळवावं. सूनबाईंना आशीर्वाद.

आपला नम्र,
तराजू

ता. क. – पत्र टाकायच्या आधी एकदा वाचून पाहिलं आणि ओशाळलो. वर लिहिलेलं सगळं एका म्हाताऱ्याच्या डोक्यातलं धरून चाला. काटा बिघडला असावा म्हणून मी तो आज जुन्या कचेरीत नेऊन तपासून घेतला. तिथल्या नव्या निरीक्षकबाईंनी तीनदा तपासला आणि म्हणाल्या की इतका अचूक काटा त्यांनी पाहिला नाही. मला आनंद व्हायला हवा होता.

ता. क. दुसरा – पत्र अजून घरातच आहे. आज चौथा दिवस. साडेअकराला आलो तर साबणदाणीत पाण्याचे चार थेंब आणि नखाएवढा पापुद्रा. संपली. फरशी ओली होती, वास होता, नि मला कळेना की उद्या काय. मग मी पिशवी खाली ठेवली आणि न्हाणीघराच्या दारात उभा राहून मोठ्यानं बोललो. म्हटलं, फळीवर अकरा आहेत, त्या सगळ्या तुझ्या. नऊ वापर, वीस वापर, अख्खी वडी एका आंघोळीत संपव, मी तोलणार नाही. घड्याळजींनी खालून विचारलं की साहेब, काही म्हणालात का. म्हटलं, हो, पण उशीर झाला बहुतेक.

ता. क. तिसरा, आणि खरं पत्र एवढंच – आज साडेअकराला आठ नंबरची वडी ओली होती. साबणदाणीत नव्हे, फळीवरच, जागच्या जागी, नीट पालथी घालून ठेवलेली. शब्द दिला होता, तरी तोललं. अर्धा ग्रॅम सुकण्याचा वजा केला तर चार ग्रॅम. चारच, ताई! एकोणीस वर्षं जी नऊच्या खाली आली नाही ती आज चार वापरते, म्हणजे ती पुरवून पुरवून वापरते आहे. माझ्या हातचा साबण संपेल या धास्तीनं ती अंगाला नीट लावतसुद्धा नाही. मी काहीही सांगितलं तरी ती ऐकायची नाही, माझ्या तोंडचा आकडा तिला टोचतो. तुमचं मात्र ती लहानपणापासून ऐकत आली आहे. गुडघा दुखत असला तर रिक्षा जिन्यापर्यंत येते, वर मी धरून आणीन. एकदा या, अकराच्या आत या, आणि दारात उभं राहून तिला सांगा, की बाई, भरपूर वापर, तो करतोय अजून.